पाहुणे येईपर्यंत

भात पिवळं पडायला लागलं की मी स्वयंपाकघराची मागची खिडकी लावून घेते. दसरा झाला की दोन-चार दिवसांत तो वास सुरू होतो. मावळातल्या इंद्रायणी तांदळाचा वास असा की भात शिजायच्या आधी, कापायच्याही आधी, नुसत्या शेतात उभ्या असलेल्या लोंब्यांतून येतो. रुळापलीकडच्या खाचरांतून तो उठतो, सकाळच्या धुक्यात अडकतो आणि ऊन चढलं की सरळ आत येतो. लोक म्हणतात, इकडं यावं तर ह्याच दिवसांत. भुशीच्या धरणाकडची गर्दी ओसरलेली असते, लोहगड आणि विसापूर धुऊन वाळत घातल्यासारखे दिसतात, उतारावर सोनकीची पिवळी फुलं शेवटची शेवटची उरलेली असतात. मुंबईहून आलेली एखादी बाई खोल श्वास घेते आणि मला म्हणते, किती नशीबवान हो तुम्ही. मी हो म्हणते. हो म्हणायची सवय मला ह्या घरानंच लावली.

हे घर माझं नाही. कुणीतरी आपला हवापालटाचा बंगला एका संस्थेला दान दिला आणि संस्थेनं त्यात जखमी जवानांच्या घरच्यांची सोय केली. जवानाचे उपचार पुण्याच्या लष्करी दवाखान्यात चाललेले असतात. पण त्याची बायको, आई, म्हातारा बाप ह्यांनी महिनोन्महिने राहायचं कुठं? तर इथं. जवानालाही वॉर्डातून सोडलं की नवा पाय, नवा हात नीट बसेपर्यंत इथं राहता येतं. राहणं, जेवण, दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी, कशालाच काही द्यावं लागत नाही. प्रत्येक खोलीच्या दारावर एक संगमरवरी पाटी आहे, कुणाच्या तरी स्मरणार्थ. आमच्या पाटीवर कुणाच्या तरी आईचं नाव होतं. ती बाई कोण, कुठली, मला माहीत नव्हतं. पण तिच्या नावाखाली झोपायला मिळत होतं म्हणून मी रोज सकाळी पाटीला हात लावून नमस्कार करत असे.

पाच वर्षांपूर्वी आम्ही आलो तेव्हा पाऊस होता. ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, डावा पाय सीमेवर सुरुंगात गेला होता. नडगीच्या निम्म्यापासून खाली काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गुडघा वाचलाय, नशीब समजा. मी आठवीत शाळा सोडलेली बाई. मला वाटलं, मोठी माणसं धीर द्यायला असं बोलत असतील. पाय गेल्यावर कसलं नशीब? पण महिनाभर ह्या घरात काढल्यावर कळलं. गुडघा असला की माणूस उठबस करतो, चढ चढतो, मोटारसायकल चालवतो. इथल्या जवानांनी आपल्याच दोन पलटणी केल्या होत्या, गुडघ्याखालची आणि गुडघ्यावरची. गुडघ्यावरचे खालच्यांना ‘सरदार’ म्हणायचे. सरदार, जरा पाणी आणा की, तुमचं काय, तुमाला गुडगा हाय! आणि हे उठायचे, कुबडीवर टुणटुण करत जायचे आणि खरंच पाणी आणून द्यायचे. आमचं गाव आजऱ्याकडं, डोंगराच्या अंगाला. घर खाली आणि शेत वर. तिथंही भातच, घनसाळ जातीचं. हे रोज एकदा तरी म्हणायचे, “गुडगा हाय म्हंजे शेत हाय.”

तर त्या हंगामात आमच्याजवळ दोन गोष्टी होत्या. एक ह्यांचा गुडघा आणि दुसरी ही खोली. मला दोन्हींची काळजी होती. पण खरं सांगायचं तर खोलीची जास्त होती. गुडघा तर वाचलाच होता, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. खोलीचं तसं नव्हतं. नियम तीन महिन्यांचा. पुढं ठेवायचं की नाही ते समिती ठरवणार, आणि बाहेर नाव लावून बसलेली माणसं होतीच. आमचे तीन महिने दिवाळीत संपत होते आणि नवा पाय बसवायला सुरुवात झाली होती दसऱ्याला. खोली गेली तर दर खेपेला रातभर एसटीत बसून पुण्याला यायचं, अशा पायानं. गावाकडं चार वर्षांची लेक सासूबाईंजवळ ठेवलेली. फोनवर ती विचारायची, पप्पांचा पाय आला का. जसा काही पार्सलनं यायचा होता.

भ्यायची सवय मला आधीपासूनच. इथं ती वाढली. नळ नीट बंद झाला का, हे मी तीनदा बघायची. तिसरी पोळी घेताना वाढणाऱ्या बाईच्या तोंडाकडं बघायची. दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचं अन्न. कुणी कधी वाकडं बोललं नाही, हे मी देवाला स्मरून सांगते. घराचा कारभार बघणाऱ्या मॅडम एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बायको. स्वभावानं सोन्यासारख्या. माझ्या लेकीला त्यांनी स्वतः स्वेटर विणून पाठवला होता. माणसं वाईट असती तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं. वाईट माणसाला नाही म्हणता येतं.

नवा पाय आला तो तात्पुरता होता. त्याला ‘ट्रायल’ म्हणायचे. बसवणाऱ्या टेक्निशियन साहेबांनी मला शेजारी बसवून शिकवलं. उरलेल्या पायाला, ज्याला सगळे स्टंप म्हणायचे, आधी मोजा घालायचा, सुरकुती ठेवायची नाही. मग पाय. चालायचं ते दोन बारच्या मध्ये, हातानं धरून. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं. काढल्यावर कातडी बघायची. लाल डाग दहा मिनिटांत गेला तर ठीक, नाही गेला तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचाच नाही आणि त्यांना कळवायचं. मी ते सगळं लेकीच्या पाटीवरच्या पाढ्यासारखं पाठ केलं. मोजे मीच धुवायची, सावलीत वाळवायची. दहा मिनिटं मोजायला मोबाइल लावून बसायची. डाग जायचा. मग आम्ही दोघं हसायचो.

स्वयंपाकाला शेजारच्या भाजे गावची हौसामावशी यायची. तिची स्वतःची दोन खाचरं होती, म्हणून ह्या दिवसांत ती कापणीवरनंच यायची, पदराला कुसळं चिकटलेली. मला म्हणायची, “लय पुसू नगं ती फरशी, झिजंल. संस्थेची हाय, तुज्या सासूची न्हाई.” मी एकटीच हसायची, इतर बायका घाबरून बघायच्या.

अशात मॅडमनी कार्यक्रमाची बातमी सांगितली. ही इथली रीत आहे, दरवर्षी ह्याच दिवसांत होते. ज्यांनी देणग्या दिल्या त्यांना मुंबईहून बोलवायचं, मांडव घालायचा. जवानांनी गेटापाशी ओळीत उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं आणि मग पाहुण्यांच्या बरोबर मांडवापर्यंत चालत जायचं. तिथं शाल, नारळ आणि चिक्कीचा डबा. चिक्की तर येणारा प्रत्येकजण आणायचा. घरात इतके डबे साठले होते की गुडघ्यावरची पलटण म्हणायची, आता दातही नवे बसवून द्या.

मॅडमनी मला जिन्यापाशी गाठलं. त्यांनी हुकूम केला नाही. इतकंच म्हणाल्या की तुमचे मिस्टर छान प्रगती करतायत, त्यांनी दोन पावलं चालून दाखवली तर पाहुण्यांना बरं वाटेल, जमेल का, बघा. खोलीचा शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही. तो माझ्या डोक्यात होता. दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती.

“चालतील की, मॅडम,” मी म्हटलं.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे मोजा काढत होते. हात थांबला. “मला इचारलंस?”

“दोनच पावलं हायत. ज्याचं खातोय त्याला एवढं बी दावायचं न्हाई?”

ह्यांनी मोजा घडी करून उशाशी ठेवला. आमच्याकडं खाल्ल्या मिठाला जागायचं हे लहानपणापासून डोक्यात बसवलेलं असतं. त्यात हे फौजी. हे सगळं माहीत असूनच मी तसं बोलले होते.

हौसामावशीला कळलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “भात कापलं तरी आमी लगी उचलीत न्हाई, पोरी. दोन दीस तितंच शेतात वाळू देतो. वलं उचललं तर कुजतंय.” मी म्हटलं, मावशी, भाताचं वेगळं. ती म्हणाली, “व्हय, वेगळंच.” आणि सूप झटकलं.

त्या रविवारी मी ह्यांच्या शर्टाला दोनदा इस्त्री केली. पाहुणे दहाला येणार होते, म्हणून नऊला पाय घातला. सगळे गेटापाशी ओळीत उभे राहिले. मांडवात खुर्च्या होत्या, पांढऱ्या कापडाच्या, पाहुण्यांसाठी मोजून आणलेल्या. गेटापाशी एकही नव्हती. दहा वाजले, साडेदहा वाजले. फोन आला की सुट्टी जोडून आली म्हणून घाटात गाड्या अडकल्यात, अर्ध्या तासात पोहोचतो. पाय काढावा तर पुन्हा घालायला वेळ लागतो, आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी म्हणायचं, आले आले, आणि सगळे ताठ व्हायचे. ती दुधाची गाडी असायची, नाहीतर लोहगडाकडं निघालेली पोरं. मी सरबत घेऊन गेले तेव्हा हे नुसते समोर बघत होते. कपाळावर घाम. जरा टेकता का, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मॅडम तिथं आल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, बघा, शेवटी सोल्जर तो सोल्जर. मी तोंड मिटलं.

पाहुणे आले तेव्हा एक वाजून गेला होता. त्यांनी खूप वेळा माफी मागितली. भले लोक होते, एका बाईंच्या डोळ्यांत तर पाणी होतं. मग हे चालले. बार नाही, कुबडी नाही, गेटापासून मांडवापर्यंत, खडीवरून. फोटो काढणारा म्हणाला, मॅडमचा चेहरा झाकला गेला, एकदा पुन्हा. हे परत गेटापाशी गेले आणि पुन्हा चालले. मग एका साहेबांना त्यांच्याबरोबर चालतानाचा फोटो हवा होता. म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला टाळ्या सुरू झाल्या त्या हे मांडवात पोहोचेपर्यंत थांबल्या नाहीत.

मीही वाजवल्या.

खोलीत आल्यावर पाय निघेना. निघाला तेव्हा मोजा चिकटला होता. मी कोमट पाण्यानं भिजवून तो सोडवला. दहा मिनिटं मोजायचा प्रश्नच नव्हता, तिथं कातडीच नव्हती.

इथपर्यंत जे झालं ते कुणाच्याही हातून झालं असतं, असं मी मनाला सांगू शकते. पुढचं मात्र माझं एकटीचं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर गाडी होती, दवाखाना होता, सगळं होतं. मी सांगितलं नाही. मला वाटलं, मॅडमना कळलं तर त्यांना किती वाईट वाटेल. त्यांनी एवढं प्रेमानं केलं, आणि आपण त्यांच्या कार्यक्रमाला बोल लावायचा? समिती दिवाळीच्या तोंडावर बसणार होती. मी खोबरेल तेलात हळद कालवून लावली. गावाकडं सगळ्याला तीच लावतात. मॅडमनी विचारलं, कसे आहेत, दमले असतील ना? मी म्हटलं, मजेत आहेत. एकदा नाही, चार दिवस रोज म्हटलं. टेक्निशियन साहेबांची वेळ होती ती मी फोन करून पुढं ढकलली, सर्दी झालीय म्हणून. ह्यांनी विरोध केला नाही. आता वाटतं, ह्यांनी तेव्हाच सगळं सोडून दिलं होतं.

पाचव्या दिवशी भांडी न्यायला आलेली हौसामावशी दारातच थांबली. नाक वर करून तिनं वास घेतला. बाहेर खाचरात कापलेलं भात वाळत पडलं होतं, त्याचा तो गोड वास सगळीकडं भरलेला, आणि त्यात खोलीतला हा दुसरा.  मावशी भांडी तिथंच ठेवून सरळ ऑफिसात गेली आणि मॅडमना हाताला धरून घेऊन आली. तापानं हे तेव्हा बरळत होते.

दवाखान्यात दोन वेळा साफ करून बघितलं. हाडापर्यंत गेलं होतं. तिसऱ्या खेपेला गुडघ्याच्या वर कापावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, लगेच का आणलं नाही? मॅडम शेजारी उभ्या होत्या. मी म्हटलं, आम्हाला कळलं नाही.

त्याच आठवड्यात समिती बसली. मॅडम स्वतः वॉर्डात सांगायला आल्या, रडत रडत. खोली आता लागेल तितके दिवस तुमचीच, काळजी करू नका. मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले, मनापासून. मग आत जाऊन ह्यांना सांगितलं. हे छताकडं बघत होते.

“तुला खोली पायजे हुती,” हे म्हणाले. “घे.”

त्या विषयावर पाच वर्षांत ह्यांनी काढलेला हा एकच शब्द. रागावले असते, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते. ह्यांनी ते केलं नाही. गावाकडचं शेत दिरांना कसायला दिलं. लेकीला इथल्या शाळेत आणलं. गुडघ्यावरून नवा पाय बसल्यावर मॅडमनी ह्यांना गेटावर बसवलं, वहीत गाड्यांचे नंबर लिहायला. हौसामावशीला झेपेना तेव्हा स्वयंपाक माझ्याकडं आला आणि आम्ही स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहायला गेलो. संस्थेनं आमचं सगळं केलं. ते खरं आहे. दुसरंही खरं आहे. दोन्ही खरं एका पोटात घेऊन जगायचं कसं, हे मला आठवीपर्यंतच्या शाळेत कुणी शिकवलं नाही. पुढच्या इयत्तांत असेल तर माहीत नाही.

जेवणाच्या हॉलमध्ये तो फोटो लावलाय, मोठा करून. तिसऱ्या खेपेचा. हे चालतायत, मागं टाळ्या वाजवणारी माणसं आहेत, कडेला अर्धी मीही आहे. येणारे पाहुणे त्याच्यापुढं थांबतात आणि म्हणतात, चेहऱ्यावरची जिद्द बघा. मी त्याच्याखाली रोज वरण वाढते. ती जिद्द नाही. आवळलेले दात कसे दिसतात ते मला माहीत आहे. मी मोजा सोडवत होते तेव्हा ते तसेच होते.

तर पुन्हा भात पिवळं पडलंय. रविवारी कार्यक्रम आहे. आमच्या जुन्या खोलीत, त्या कुणाच्या तरी आईच्या पाटीखाली, आता पूनम राहते. बीडकडची, विशीतली. तिचा नवरा नवनाथ गुडघ्याखालच्या पलटणीतला, पाय येऊन तीन आठवडे झालेत. काल ती इस्त्री मागायला स्वयंपाकघरात आली. म्हणाली, काकू, मॅडम म्हणाल्या हे चालले तर बरं दिसेल, मी हो म्हटलंय. तिच्या तोंडावर जी भीती होती ती मी आरशात पाहिलेली आहे. तिचे तीन महिने दिवाळीत संपतात.

मी गॅस बंद केला आणि तिला सगळं सांगितलं. डाग, खडी, हळद, चार दिवस, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. तिनं नीट ऐकलं. मग हळूच, अगदी आदरानं म्हणाली,

“पण काकू, तुम्हाला खोली मिळालीच की. कामबी मिळालं.”

मी तिच्या हातात इस्त्री दिली. दुसरं काय देणार? माझ्याकडं बघून तिनं जो हिशेब केला तो बरोबर होता. माझं सगळं बोलणं एकीकडं आणि मी अशी धडधाकट, पगारी, कणीक मळत उभी आहे हे दुसरीकडं.

मग मी गेटावर गेले. हे वहीत काहीतरी लिहीत होते. मी म्हटलं, पूनमनं नवनाथच्या वतीनं हो म्हटलंय. तिला सांगितलं, ती ऐकत नाही. एवढंच बोलले. ह्यांनी गाडीचा नंबर पुरा केला, वही मिटली. मग पँट सैल करून, तिथंच, भर दुपारी, रस्त्यावरून माणसं जात-येत असताना, पाय काढला. खुर्चीवर ठेवला. कुबड्या घेतल्या आणि पँटचा रिकामा पाय लोंबत असतानाच अंगण ओलांडून गेले. नवा पाय बसल्यापासून ह्यांना असं माझ्याशिवाय कुणी बघितलेलं नव्हतं. लेकीनंसुद्धा नाही.

त्या खोलीच्या दाराशी ह्यांना बघून नवनाथ सवयीनं उठायला लागला असावा. कारण ह्यांचा आवाज मला गेटापर्यंत ऐकू आला, “उटू नगंस. बस. मी आत येतो.”

आणि दार लोटलं गेलं.

मी खुर्चीजवळ उभी राहिले, त्या पायाच्या राखणीला. तेवढ्यात मांडववाल्याचा टेम्पो आला. पोरांनी मागचं फळकूट पाडलं, मुकादमानं यादी काढली. मांडवात इतक्या, स्टेजवर इतक्या. गेटापाशी काय मांडायचं, त्यानं विचारलं. यादीत गेटापाशी नुसती रांगोळी होती.

मॅडम पुण्याला गेल्या होत्या. विचारायला कुणी नव्हतं, आणि न विचारता मी ह्या घरातला साधा पंखासुद्धा कधी लावलेला नाही.

“खुर्च्या,” मी म्हटलं. “जेवढे जवान, तेवढ्या. आधी हितं उतरव, मग मांडवात.”